नशा, जहर आणि औषध : रोवण्याच्या आधी गावसभेने ठरवायच्या गोष्टी

(देवरी तालुक्यातल्या गावांच्या एकत्र सभेत संघटनेच्या वतीने जून २०१८ मध्ये केलेली मांडणी. ज्या गावांना येता आले नाही त्यांच्यासाठी लिहून काढली आहे. गावसभेत मोठ्याने वाचावी.)



तेंदूची फळी उठली. थोडेफार पैसे हातात आले. रोवणा अजून लागायचा आहे. वर्षातले हे पंधरा-वीस दिवस असे आहेत की दारूवाला, खर्रेवाला आणि फवारणीचे औषध विकणारा, हे तिघेही आपल्याच दाराकडे पाहतात. म्हणून वनहक्काच्या दाव्यांचे बोलणे उद्या सकाळी करू आणि आज या तिघांवर बोलू. हे बोलणे दाव्यांपासून वेगळे आहे असे कोणी समजू नये. का, ते शेवटी येईलच.

आधी एक शब्द पाहा. धानावर तुडतुडा आला की आपण म्हणतो, "औषध मारायले पायजे." कोणी रागाच्या भरात बाटली तोंडाला लावली की म्हणतो, "त्यानं औषध पेलं." ताप आला की तेही औषधच आणतो. आणि दवाखान्याला तर आपण दवादारूच म्हणत आलो. जहर, नशा आणि इलाज या तिघांना आपल्या बोलण्यात एकच नाव पडले आहे. दुकानदाराला हे सोयीचे आहे. आपल्याला नाही. आजपासून फवारणीच्या बाटलीला गावात जहरच म्हणायचे, औषध म्हणायचे नाही. लेकराला पहिल्यापासून तो शब्द कळला पाहिजे.

दारूचे

मोहाच्या झाडाशी आपले भांडण नाही, हे पहिले सांगतो. मोह आपले अन्न आहे. फुले वाळवून ठेवली की पावसाळ्यात पोटाला आधार, टोळीचे तेल, जनावराला खाद्य. जन्माला, लग्नाला, मरणाला, पेनठाण्यावर मोहाचे चार थेंब पडल्याशिवाय काम पुढे जात नाही. इंग्रजांच्या अमलात आबकारी आली, तेव्हा घरचे गाळणे गुन्हा झाले आणि ठेकेदाराचे दुकान कायदेशीर झाले. सरकारला दारू बंद करायची नव्हती, तिचा पैसा स्वतःकडे वळवायचा होता. ही गोष्ट आपण विसरायची नाही.

पण आज गावात जे विकले जाते ते पेनठाण्यावरचे मोह आहे का? सडव्यात गूळ, नवसागर, कुठे युरिया. पहाटेपासून विक्री. प्यायला बसणारा देवाच्या कामाला बसलेला नाही, तो उधारीवर बसलेला आहे. उधारी फेडायला बकरी जाते, मग बैल जातो, मग बांधी दुसऱ्याच्या हाती कसायला जाते. जमीन गमावण्याची ही वाट वनखात्याच्या कुंपणाइतकीच जुनी आहे.

आता जहरी दारूचे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभरावर माणसे मेली. बहुतेक मजूर माणसे. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल हा कारखान्यात लागणारा स्पिरिटाचा प्रकार आहे. दिसायला, वासाला दारूसारखाच, आणि स्वस्त. विकणारा नशा वाढवायला तो मिसळतो. पोटात गेल्यावर शरीर त्याचे आम्ल बनवते, आणि ते आम्ल डोळ्याची नस आणि मेंदू जाळते. फसवणारी गोष्ट ही की लगेच काही होत नाही. माणूस पितो, झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी उलटी, पोटदुखी, धाप, डोळ्यापुढे धुके. घरचे म्हणतात, उतरली नाही अजून, झोपू द्या. त्या झोपण्यातच माणूस जातो.

तर लक्षात ठेवा : दारू पिऊन दुसऱ्या दिवशी ज्याला धूसर दिसते आणि धाप लागते त्याला झोपू देऊ नका, दवाखान्यात न्या. त्याच्यासोबत जे प्याले त्यांनाही न्या, त्रास नसला तरी. यावर इलाज आहे. फोमेपिझोल नावाचे इंजेक्शन आहे. ते नसेल तर डॉक्टर शुद्ध इथाइल अल्कोहोल मोजून देतात, त्याने मिथेनॉलचे आम्ल बनणे थांबते. रक्तातले आम्ल मारायला सोडा बायकार्बोनेटची सलाईन लावतात आणि रक्त धुवायला डायलिसिस करतात. पण हे ऐकून कोणी घरीच "उतारा" म्हणून आणखी दारू पाजू नये. घरी ना मोजमाप असते, ना त्या बाटलीत काय आहे ते कळते.

दारू सोडताना

आता जी गोष्ट गावसभांना सांगणे सगळ्यात गरजेचे वाटते ती.

बायांनी भट्टी बंद केली की आपण टाळ्या वाजवतो. वाजवल्याच पाहिजेत. पण गावात चार-पाच माणसे अशी असतात की ज्यांना सकाळी उठल्या उठल्या प्याल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत. त्यांचे शरीर दारूवर चालते. भट्टी एकदम बंद झाली की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते. एक-दोन दिवसांत कोणाला फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भलतेच पाहू लागतो, अंगावर किडे चालतात म्हणतो, घरच्यांना ओळखत नाही, उठून पळतो. आपल्या एका गावात असेच झाले. घरचे म्हणाले, "याले लागलं हाय." दोन रात्री झाडपूक झाली. तिसऱ्या दिवशी मुलाने खाटेवर घालून नेले म्हणून तो वाचला. दवाखान्यात पोचायला आणखी एक रात्र गेली असती तर भट्टी बंद केल्याचा दोष गावसभेवर आला असता आणि भट्टी पुन्हा सुरू झाली असती.

हे भूत नाही. दारू अचानक तुटल्याचा आजार आहे, आणि त्यात माणूस मरतो. त्याला औषध आहे, साधे आहे. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम ही औषधे डॉक्टर सुरुवातीला पुरेशी देतात आणि मग रोज थोडी थोडी कमी करत आठवडाभरात थांबवतात. ती दुकानातून आपल्या मनाने आणून खायची नाहीत, कारण त्यांचीही सवय लागते, आणि दारूसोबत घेतली तर श्वास बंद पडू शकतो.

दुसरे औषध थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या अंगात ते उरत नाही. आपल्याकडे कोणी पडला की "सलाईन लावा" हा एकच आग्रह असतो. पण अशा माणसाला थायमिन न देता नुसती ग्लुकोजची सलाईन लावली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, चाल आणि आठवण जाऊ शकते. म्हणून गावातल्या सुईवाल्याकडे नेऊ नका. दवाखान्यात नेले तर पहिल्यांदा सांगा, "हा रोज पितो, इतक्या दिवसांपासून सुटली आहे." लाजू नका. ते लपवले तर इलाज चुकतो.

मग पुढे, थरथर गेल्यावर, पुन्हा प्यावीशी वाटू नये म्हणून औषधे आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करतात. डायसल्फिराम वेगळे आहे. ते घेतलेला माणूस प्याला तर तोंड लाल होते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. ही भीती धरून माणूस पीत नाही. ज्याने स्वतः ठरवले आहे आणि ज्याच्या घरचे रोज गोळी समोर देतात त्याला ते उपयोगी पडते.

इथे बायांसाठी एक कडक सूचना. बसवर, भिंतीवर जाहिरात असते : न सांगता दारू सोडवा. बाजारातही पुडी मिळते, भाजीत घालायची. घालू नका. त्यात हीच गोळी असेल आणि नवऱ्याला माहीत नसेल, तर तो प्याल्यावर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तुमचा जीव जाळतो तो माणूस, हे आम्हाला माहीत आहे. पण त्याला न सांगता दिलेले औषध हे औषध राहत नाही.

खर्रा

खर्ऱ्यावर बोलले की सगळे हसतात. कारण सभेतही पन्नी घासणे चालू असते.

सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत घासून गालात. पोराला दुकानात पाठवता पाठवता त्याच्याही गालात. तंबाखू वाईट हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण पुष्कळ जण समजतात की नुसती सुपारी चालते. चालत नाही. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने तपासून सांगितले आहे. सुपारीने गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी होते, तोंड उघडत नाही, तिखट लागले की आग होते. आता इथेच बघा : आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का? ज्याची जात नाहीत त्याने आरोग्य केंद्रात तोंड दाखवावे. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम असेल तर आजच. आवळलेले तोंड पूर्वीसारखे करणारे औषध नाही. सोडले तर वाढ थांबते, व्यायामाने आणि इंजेक्शनने थोडा फरक पडतो.

राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे. खर्रा मात्र दर नाक्यावर घासला जातो. सोडणाऱ्याला मदत आहे. निकोटीनची गोळी मिळते, थोडी चघळून गालात ठेवायची, तंबाखूची ओढ कमी होते. चिकटपट्टीही असते. डॉक्टरच्या सल्ल्याने बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिन देतात. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे : १८०० ११२ ३५६. पहिला आठवडा जड जातो. त्या आठवड्यात सोबत्यांनी पन्नी पुढे करू नये, एवढी मदत गाव करू शकते.

आणि खर्ऱ्याची एक गोष्ट पुढच्या विषयाला जोडलेली आहे. फवारा मारता मारता जो जहराच्या हाताने खर्रा घासतो तो जहरच गालात ठेवतो.

फवारणीचे जहर

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते सर्वांनी ऐकले आहे. कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. कपाशी उंच वाढलेली, फवारा डोक्याच्या पातळीवर, एकावर एक मिसळलेली औषधे, अंगावर नुसता बनियन. नंतर सरकारने चौकशी बसवली, मोनोक्रोटोफॉस आणि आणखी काही जहरांच्या विक्रीवर काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली, मेलेल्यांच्या घरच्यांना दोन लाख रुपये जाहीर केले. आपण म्हणतो, ते कपाशीवाले, आपला धान आहे. पण खोडकिडा आणि तुडतुडा आला की आपल्या बांधीत त्याच जातीची जहरे पडतात. बांधीचे पाणी बोडीत उतरते, बोडीतले मासे आपण खातो.

ऑर्गेनोफॉस्फेट जातीचे जहर अंगात कसे चालते ते समजून घ्या, म्हणजे ओळखता येईल. आपल्या नसा एकमेकींना निरोप देतात आणि निरोप पोचला की तो पुसला जातो. हे जहर पुसणाऱ्यालाच मारते. निरोप थांबतच नाही. म्हणून सगळे वाहू लागते : लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. छाती घरघरते, अंगावरचे मांस फडफडते, नाडी मंदावते. शेवटी माणूस स्वतःच्याच फेसात बुडतो.

यावर दोन औषधे. पहिले अट्रोपिन. ते छातीतला फेस सुकवते, नाडी वर आणते. एक-दोन इंजेक्शनांनी भागत नाही, छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागते. अट्रोपिनने रोगी बडबडतो, कपडे ओढतो, तोंड कोरडे पडते. नातेवाईक घाबरून घरी घेऊन जातात. नेऊ नका. दुसरे पाम, म्हणजे प्रॅलिडॉक्झिम. ते लवकर द्यावे लागते, उशिराने काम कमी करते. आणि बरे वाटले तरी एक ते चार दिवसांत मान टाकणे, श्वास थकणे असे पुन्हा होऊ शकते, तेव्हा श्वासाचे यंत्र लागते. म्हणून "उठून बसला, चला घरी" असे करू नका.

काही जाणते म्हणतील, अट्रोपिन धोतऱ्यातही असते. खरे आहे, धोतऱ्यात ते असते. पण एका बोंडात किती, दुसऱ्यात किती, याला माप नाही, आणि धोतऱ्याने स्वतःच माणूस वेडा होऊन मरतो. त्या वेळी धोतरा देऊ नका. मिठाचे पाणी, तूप, दूध, शेणपाणी पाजून ओकारी काढू नका, ते छातीत जाते.

काय करायचे? बांधीतून बाहेर काढा. कपडे काढा. साबणाने, भरपूर पाण्याने अंग आणि केस धुवा, धुणाऱ्याने हातात प्लास्टिक घालावे. डाव्या कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा. आणि बाटली सोबत न्या. सगळ्या जहरांना उतारा नाही आणि प्रत्येकाचा वेगळा, म्हणून डॉक्टरला नाव कळले पाहिजे. बाटलीवर तिकोन असतो : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे प्यायचा नव्हे. कोणत्याही विषबाधेत डॉक्टरला सल्ला लागला तर दिल्लीच्या एम्समधले विष माहिती केंद्र आहे : १८०० ११६ ११७.

रिकामा डबा घरात नको. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ लेकरे मेली. तेलात मोनोक्रोटोफॉस होते. डबा भोसका आणि गाडा.

आणि ज्याने स्वतःहून घेतले त्याला "पोलीस केस होईल" म्हणून घरात ठेवू नका. अशा माणसावर तणाव होता असेच धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. कर्ज, भांडण, दारू, जमीन गेल्याचे दुःख, यात एका क्षणाला हाताशी बाटली असते म्हणून माणूस जातो. बाटली हाताशी नसली तर तो क्षण निघून जातो. कुलूप लावायचे ते यासाठी.

हे आपल्या लढ्याचे काम का?

शेजारी गडचिरोलीत पेसा लागू आहे, तिथल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी किंवा नियम करण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. आपला गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणून आपल्याला दुसरी दारे वापरावी लागतात. परवान्याचे दुकान असेल तर २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावे लागते, आडवी बाटली की उभी बाटली. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत, नुसत्या आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे त्या दिवशी एकही बाई मजुरीवर जाता कामा नये. हातभट्टी तर मुळातच बेकायदा आहे, तिला मतदान लागत नाही, गावाची एकी लागते.

धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्याचे नाव आपण वनहक्कासाठी घेतो. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. पण त्या गावाने सर्वांच्या संमतीने जे पहिले मोठे निर्णय घेतले त्यात दारूबंदी होती. आधी गाव एका जागी बसायला शिकले, मग जंगल मागितले. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्ह्याची दारूबंदी आहे, तीही गावागावांतल्या लोकांनी मागून घेतलेली. त्या बंदीला भोक पाडणारी दारू आपल्या हद्दीतून जाते, हे चिचगड-केशोरीकडच्या गावांनी ध्यानात ठेवावे.

आणि शेवटची गोष्ट. २०१८ मध्ये शेतकरी अपघात विमा होता, त्यात फवारणीची विषबाधा धरत. पण त्याला तेव्हा सातबाऱ्यावर नाव लागत असे. ज्याचा वनहक्काचा दावा पडून आहे, जो दुसऱ्याच्या बांधीत रोजाने फवारतो, तो जहराने मेला तरी कागदावर शेतकरी नसतो. पट्टा मिळणे आणि जहरापासून वाचणे हे एकच काम आहे ते असे.

गावसभांसमोर ठेवायचे ठराव

१. आमच्या आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात अट्रोपिन, पाम, सर्पदंशाची लस, थायमिन, लोराझेपाम आणि प्राणवायू किती शिल्लक आहे हे दर महिन्याला फळ्यावर लिहावे. आमच्यातले दोन जण जाऊन वाचतील. नसेल तर त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवतील.

२. भट्टी बंद करण्याच्या आधी रोज पिणाऱ्यांची यादी आशाताईंकडे द्यावी, बंदीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकामागे एक सोबती नेमावा. यादी सभेत वाचू नये.

३. पोराच्या हाती कोणी खर्रा, दारू किंवा फवारा देणार नाही. गरोदर व अंगावर पाजणारी बाई फवारणीला जाणार नाही.

४. फवारणीची मजुरी ठरवताना हातमोजे, तोंडाला फडके, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि धुवायला साबण-पाणी मालकाने द्यावे. वाऱ्याच्या उलट आणि उपाशीपोटी फवारणी नाही.

५. जहराच्या बाटल्या घराबाहेर, कुलपात, एका जागी. किल्ली दोघांकडे.

ठराव हात वर करून नव्हे, एकेकाचे म्हणणे ऐकून करा. जो पितो त्याचेही ऐका. त्याला शरम देऊन गाव सुधारत नाही, त्याला सोबत घेऊन सुधारते. ठरावाची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या, पोच घ्या, एक आमच्याकडे पाठवा.

उद्या सकाळी दाव्यांचे कागद घेऊन या. सेवा जोहार.